दिवे लागतात, पण मशीन सुरू होत नाही: बोर्डाला होकार देण्याआधी दरवाजाचे लॉक पाहा

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या फ्रंट लोड मशीनच्या पॅनलवरचे दिवे लागतात, प्रोग्रॅम निवडता येतो, परंतु स्टार्टचे बटण दाबल्यावर ते थोडा वेळ लुकलुकते आणि पुढे काहीच होत नाही. पाहायला आलेल्या मेकॅनिकने ‘बोर्ड गेला’ (बोर्ड म्हणजे मशीनला हुकूम देणारे आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट) असे सांगितले आहे आणि तो बदलून घ्यावा की नाही, हा तुमचा प्रश्न आहे. चार वर्षांपूर्वी माझ्यावर अगदी हीच वेळ आली होती आणि मी होकार देऊन मोकळी झाले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सॉकेट, नळ, चाइल्ड लॉक, उशिरा सुरू होण्याची लावलेली वेळ, हे सगळे तुम्ही तपासलेच असेल असे धरून चालते.

मी मेकॅनिक नाही. जे लिहीत आहे ते एका मशीनच्या दुरुस्तीसाठी तीन वेळा पैसे मोजल्यानंतर समजून घेतलेले आहे, आणि ते फ्रंट लोडपुरतेच धरावे. तुमचे मशीन वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू स्वतः काढू नका.

माझी चूक दुरुस्तीच्या आधीच, फोनवर झाली. सर्व्हिस सेंटरला मी एवढेच सांगितले की ‘मशीन चालू होत नाही’. आपल्या बोलण्यात या चार शब्दांत निदान तीन वेगवेगळे बिघाड मावतात: पॅनलवर दिवाच लागत नाही, दिवे लागतात, पण स्टार्ट दाबल्यावर मशीन पुढे जात नाही, आणि मशीन सुरू होते, पण पाणी घेत नाही किंवा ड्रम फिरत नाही. पहिल्यात प्लग, वायर, फ्यूज किंवा बोर्ड पाहावा लागतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा दरवाजा, तर तिसऱ्यात पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, त्याची जाळी, बेल्ट किंवा मोटर. फोन घेणाऱ्या व्यक्तीने मॉडेल क्रमांक विचारला, पत्ता विचारला, पण दिवे लागतात का, हे काही विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही. तक्रारीत ‘वीजपुरवठा नाही’ अशी नोंद झाली. ती नोंद वाचून आलेला माणूस बोर्ड बरोबर घेऊनच आला आणि त्याने तो बसवला. मशीन सुरू झाले, जुना बोर्ड त्याने पिशवीत घालून नेला, मी सही केली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दिवे लागलेले आणि मशीन स्तब्ध.

दुसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा सांगण्यात आले की नव्या बोर्डाची हमी आहे, पण ‘हा बिघाड वेगळा असू शकतो’, त्यामुळे भेटीचे शुल्क नव्याने द्यावे लागेल. बिघाड वेगळा होता तर पहिल्या वेळी बोर्ड कशासाठी बदलला, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. जुना बोर्ड चांगला होता की खराब, हे तपासायचे म्हटले तर तो माझ्याकडे नव्हता. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. चूक दाखवून देण्याचा एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने देऊन बसले होते, आणि पहिल्या तक्रारीत काय लिहिले होते हे कळायलाही मला दोन लेखी अर्ज करावे लागले.

खरा बिघाड तिसऱ्या भेटीत दुसऱ्याच एका मेकॅनिकने शोधला. त्याने मशीन उघडलेच नाही. दरवाजा उघडून त्याच्या कडेला असलेला आकडा, म्हणजे जो लॉकच्या खाचेत जाऊन अडकतो तो, अंगठ्याने हलवून पाहिला. तो वरखाली सुमारे 2 मिलीमीटर डुगडुगत होता, कारण त्याला धरून ठेवणारी बारीक धातूची पिन एका बाजूने अर्धी बाहेर आलेली होती. बिजागरीही किंचित झुकली होती. मग त्याने दरवाजा खालून तळहाताने थोडा उचलून धरला, तसाच बंद केला आणि मला स्टार्ट दाबायला सांगितले. दोन-तीन सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज आला आणि पाणी सुरू झाले. पहिला माणूस नवा बोर्ड बसवल्यावर दरवाजा गुडघ्याने रेटून बंद करत होता, हे मला तेव्हा आठवले. मशीन सुरू झाले ते त्या रेट्यामुळे, पण श्रेय बोर्डाला मिळाले.

तो ‘टक्’ आवाज का महत्त्वाचा, हे थोडे समजून घ्या. अनेक फ्रंट लोड मशीनच्या लॉकमध्ये एक लहानसा तापणारा घटक आणि द्विधातू पट्टी असते. स्टार्ट दाबल्यावर बोर्ड त्या घटकाला वीज देतो, पट्टी तापून वाकते, खटका सरकून दरवाजा अडकतो आणि त्याच वेळी आतला संपर्क जुळून पुढच्या भागांकडे वीज जाते. धुणे संपल्यावरही दरवाजा मिनिटभर उघडत नाही, त्याचे एक कारण ही पट्टी थंड व्हायला लागणारा वेळ हेच असते. काही मशीनमध्ये हे काम विद्युतचुंबक करतो आणि तेथे आवाज लगेच येतो. दोन्ही प्रकारांत आकडा खाचेत पुरता बसला नाही, तर दरवाजा बंद असल्याची खात्री बोर्डाला मिळत नाही आणि तो मशीन सुरू करत नाही. अशा वेळी बोर्ड आपले काम चोख करत असतो.

म्हणून तुम्ही एवढे करा. घरात शांतता असताना कान दरवाजाच्या लॉककडच्या बाजूला नेऊन स्टार्ट दाबा. आवाज आला नाही तर दरवाजा किंचित उचलून, मग किंचित दाबून पुन्हा पाहा. उचलल्याने किंवा दाबल्याने फरक पडला तर दोष आकड्याचा, पिनेचा किंवा बिजागरीचा आहे, आणि या तिन्ही गोष्टी बोर्डापेक्षा फारच स्वस्त असतात. लॉकच्या खाचेत साबणाचा थर किंवा कपड्यांचे तंतू साचले आहेत का, हेही प्लग काढून टॉर्चच्या उजेडात पाहून घ्या. आवाज येतो, दरवाजा ओढूनही उघडत नाही आणि तरीही मशीन पुढे जात नाही, तर लॉकमधला संपर्क किंवा तिथून जाणारी वायर संशयित ठरते. काहीही केले तरी आवाजच येत नसेल, तर मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: स्टार्ट दाबल्यावर लॉकच्या टर्मिनलपर्यंत सप्लाय येतो का? येत असूनही लॉक लागत नसेल तर लॉक खराब आहे. येत नसेल तर आधी मधली वायर आणि मगच बोर्ड. हे माप चालू विजेवर घ्यावे लागते, त्यामुळे ते त्यानेच मल्टिमीटरने घ्यावे, तुम्ही नाही. जो हे मोजायला तयार नाही, त्याच्या सांगण्यावरून बोर्ड बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. सगळेच मेकॅनिक असे असतात, असे मात्र मला म्हणायचे नाही. माझे मशीन वाचवले तेही एका मेकॅनिकनेच.

कोणी लॉकच्या वायरी एकमेकींना जोडून मशीन सुरू करून देतो म्हणाला, तर कृपा करून ऐकू नका. पिळताना ड्रम मिनिटाला 1000 ते 1400 फेरे घेतो, आणि अशा वेळी दरवाजा उघडला तर हात वाचणार नाही. लहान मुले घरात असतील तर हा विचारही नको.

आमची बिजागरी झुकली ती आमच्याच सवयीने: उघड्या दरवाजावर ओल्या कपड्यांची बादली टेकवली जायची. आत हवा खेळावी म्हणून दरवाजा किलकिला ठेवणे योग्यच आहे, पण त्यावर टॉवेलसुद्धा टाकू नका.

बोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरलेच, तर जुना बोर्ड घरीच ठेवून घ्या आणि नव्या बोर्डावर तीन-चार पूर्ण धुणी झाल्याशिवाय तो देऊ नका. ‘कंपनीला परत करावा लागतो’ असे म्हणाले, तर तसे पावतीवर लिहून मागा. तक्रार नव्याने नोंदवणार असाल तर ‘दिवे लागतात, प्रोग्रॅम निवडता येतो, स्टार्टनंतर लॉकचा आवाज येत नाही’ हे वाक्य जसेच्या तसे लिहायला सांगा आणि परत वाचून दाखवायला लावा. दरवाजा उचलून पाहिल्यावर आवाज आला की नाही, आणि पॅनलवर एखादे अक्षर किंवा अंक दिसला का, तेवढे मला कळवा. पुढचे त्यावरून सांगते.