बूट आधी उलटा करून बघ

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. प्रश्न विचारणारा मुलगा इंदूरच्या सुदामा नगरात राहतो, वय २४, विजय नगरला नुकताच नोकरीला लागलाय. येणं-जाणं बाईकवर, बजेट १५०० ते २०००. ऑफिसात जीन्स चालते म्हणून कॅज्युअल बूट हवेत, पण घरच्या कार्यातही शोभले पाहिजेत. त्याच्या मनात पांढरे स्नीकर, आई म्हणते लोफर घे, आणि मित्र म्हणतो, "फर्स्ट कॉपी घे रे, बाराशेत ब्रँड." म्हणजे ब्रँडची हुबेहूब नक्कल.

वयाने माझ्या मुलाएवढा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी वीस वर्षं औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी होतो. एम. वाय. हॉस्पिटलच्या जिन्यांपासून राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या दवाखान्यांपर्यंत अक्षरशः जोडे झिजवलेत. दर वर्षी दोन-तीन जोड्या संपायच्या, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी पांढऱ्या स्नीकरचा निकाल लावू. गिअरची बाईक आहे ना? मग आत्ताच्या डाव्या बुटाकडे बघ. बोटांच्या वर, जिथे नाडी सुरू होते त्याच्या जरा पुढे, एक आडवा काळा पट्टा असेल. गिअर वर टाकताना लिव्हर तिथेच घासते. सुदामा नगर ते विजय नगर म्हणजे सगळं शहर ओलांडायचं, आणि दर सिग्नलला गिअर खाली-वर. पांढऱ्या बुटावर पंधरा दिवसांत तो पट्टा उमटतो. माझ्या मुलाने टूथपेस्ट, खोडरबर, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळं करून पाहिलं. शेवटी पट्टा राहिला आणि बुटाचा वरचा थर गेला. जाळीचं कापड तर त्या जागी सरळ फाटतं, कॅनव्हास विरतो. तेव्हा गडद रंग घे आणि पुढच्या बाजूला गुळगुळीत, जाडसर तुकडा वेगळा शिवलेला असेल असा बघ. लिव्हरवरचं रबर झिजलं असेल तर तेही बदलून टाक, किरकोळ खर्च आहे.

आता मुख्य गोष्ट. दुकानात पोरं बूट हातात घेतात, पुढून बघतात, नाव बघतात, किंमत बघतात. तू आधी उलटा कर. या बजेटमध्ये वरचा भाग बहुतेक सगळ्यांचा सारखाच असतो. पैसे वसूल होतात की बुडतात ते तळाला ठरतं.

हातात जड, नखाने दाबून न दबणारा, चकचकीत आणि वाकवताना अडणारा तळ असेल तर तो बहुधा पीव्हीसी. स्वस्त पडतो, झिजतही नाही लवकर, पण थंडीत आणखी कडक होतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात तेल-पाक सांडलेल्या दगडावर उभं राहून भुट्ट्याचा कीस खाताना हातातल्या द्रोणासकट घसरलास की कळेल. फोमसारखा हलका, नखाचा वळ उमटणारा तो ईव्हीए. चालायला मऊ असतो, पण नुसता ईव्हीए थेट रस्त्यावर टेकत असेल तर टाच लवकर झिजते, आणि बाईकवाल्याची आणखी लवकर, कारण सिग्नलला पाय टेकवून आपण टाच घासत असतो. ईव्हीएच घ्यायचा तर टाचेला आणि चवड्याखाली रबराचे तुकडे चिकटवलेले आहेत का ते बघ. सगळा रबराचा तळ जरा जड वाटेल, पण तुझ्या वापराला तोच बरा.

मग दोन्ही हातांनी बूट वाकव. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे चालताना आपलं पाऊल वाकतं तिथे. मधोमध पोळीसारखा दुमडला तर खाली ठेव.

कडेने जी शिलाई दिसते ती खरी आहे का तेही बघ. पुष्कळ बुटांना दोऱ्याची नुसती नक्षी असते, साच्यातच उठवलेली, आत सगळा मामला गोंदाचा. आतली मऊ गादी सुटी असेल तर उचल आणि कडेने बोट फिरव. दोरा आतपर्यंत आलेला असेल तर शिलाई खरी. नसेल तर लगेच नापास करू नकोस, गोंदाचे बूटही टिकतात. फक्त नवे असतानाच मोच्याकडून कडेने शिलाई मारून घे. मला गेल्या वेळी दीडशे रुपये पडले आणि तो जोडा अजून पायात आहे.

आता पीयू, हाही तळाचाच एक प्रकार. यावर जरा जास्त लिहितो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. एक काळा जोडा घेतला होता, हलका, मऊ, दिसायला झक्क. इतका आवडला की रोज घालवेना. 'कार्याला लागेल' म्हणून डब्यात, कागदात गुंडाळून कपाटावर ठेवला. चार वर्षांत पाच-सहा वेळा घातला असेल. मग देवासला मावसभावाच्या मुलीचं रिसेप्शन होतं. गेटपासून स्टेजपर्यंत गेलो, आशीर्वाद दिले, वळलो तर गालिच्यावर काळा चुरा, पोह्यांवर शेव भुरभुरावी तसा. माझ्याच टाचेचा होता. जेवणाच्या टेबलापर्यंत डाव्या बुटाचा तळ निम्मा गळून गेला. बायको म्हणाली, "चपला घालून आला असता तर बरं झालं असतं." उरलेला कार्यक्रम खुर्चीखाली पाय लपवून काढला.

दोष मोच्याचा नव्हता आणि दुकानदाराचाही नव्हता. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हवेतल्या दमटपणाने त्यातले रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात आणि तळ आतून ठिसूळ होतो. वापर करा किंवा न करा, घड्याळ चालूच असतं. उलट बंद डब्यात दमट हवा कोंडून राहते, म्हणून जपून ठेवलेला जोडा रोजच्या जोड्याआधी जातो. आपण साड्यांसारखे बूट जपतो, तिथेच फसतो.

यातून खरेदीची एक युक्ती निघते. बुटाच्या डब्यावर लेबल असतं, त्यात एमआरपीबरोबर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. सेलमध्ये साठ टक्के सूट बघून हुरळण्याआधी ते वाच. तळ पीयूचा आणि माल तीन वर्षांपूर्वीचा असेल तर ती सूट त्या तीन वर्षांची आहे. रबराच्या तळाला एवढी चिंता नाही. तसंही काही कंपन्या एमआरपी चार हजार छापतात आणि बारा महिने सोळाशेला विकतात. त्या बुटाची किंमत सोळाशेच समज.

पैशांचंच निघालंय तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के झालाय. त्याआधी हजाराच्या वरच्या जोडीला १८ टक्के लागायचा. तुझं बजेट बरोबर या पट्ट्यात बसतं. पक्कं बिल मागून घे, तळ उकलला तर बदलून मागायला तेच कामी येतं.

फर्स्ट कॉपीबद्दल दोन वाक्यं. बाराशेतले किती ब्रँडच्या त्या खुणेचे आणि किती बुटाचे, हे विकणाराही सांगणार नाही. तेवढ्यात स्वतःच्या नावाने विकणाऱ्या देशी कंपनीचा बरा जोडा मिळतो, बिलासकट.

लेदर? दोन हजारात 'जेन्युइन लेदर' लिहिलेलं असतं, पण ते बहुधा कातड्याचा खालचा थर असतो, वर प्लास्टिकचा लेप. वाईट नाही, फक्त काही महिन्यांनी घडीवर पोपडे निघतात. काही जोड्यांवर छोटी चित्रं असतात: पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे लेदर, विणलेली जाळी म्हणजे कापड आणि नुसती चौकट म्हणजे इतर काहीही. पत्त्यातल्या चौकटसारखीच, पण आत रिकामी. आपल्या ए. बी. रोडच्या नावातला 'ए' आग्र्याचा. तिकडचा बिनब्रँड लेदरचा माल इथे कमी पैशात मिळतो, पण तो निवडायला नजर लागते. पहिल्या खरेदीला नको, पुढच्या वेळी वडिलांना किंवा काकांना घेऊन जा.

आईचा लोफर कार्याला छान दिसेल, पण त्याला नाडी नाही. आज घट्ट घेतला तर चावतो, सैल घेतला तर दोन महिन्यांत टाच निघायला लागते. बाईकवर तर नकोच. नाडीचा घे.

माप संध्याकाळी घे, दिवसभराने पाय जरा सुजलेले असतात. भिंतीला टाच लावून कागदावर उभा राहा, दोन्ही पावलं आखून मोठ्या पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये मोज. यूके मापात एका नंबराला साधारण साडेआठ मिलिमीटर पडतात, युरोपियन मापात साडेसहाच्या थोडं वर, त्यामुळे दोन्ही तक्ते कधीच तंतोतंत जुळत नाहीत. 'मला आठ नंबर लागतो' एवढ्यावर ऑनलाइन मागवू नकोस, त्या कंपनीचा मिलिमीटरचा तक्ता बघ. शिवाय लहानपणापासून चपला घातलेले आपले पाय पुढे पसरट असतात. लांबीला बसतो आणि करंगळीला चावतो असा जोडा 'सैल होईल' म्हणून घेऊ नकोस. कापड आणि लेदर थोडं सैल होतं, सिंथेटिक जवळपास नाही.

पावसाळ्यात यातलं काहीच घालू नकोस. आपली काळी माती तळाच्या खाचांत एकदा बसली की दगडासारखी वाळते, आणि भिजलेला जोडा उन्हात टाकला की गोंद सुटतो. जूनमध्ये एक साधी सँडल घे. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेव.

मी तुझ्या जागी असतो तर गडद तपकिरी किंवा करडा, नाडीचा, रबरी तळाचा, शिलाईचा जोडा १५०० च्या आत बघितला असता. उरलेल्या पाचशेत सुती मोज्यांच्या तीन जोड्या आणि लागलीच तर मोच्याची शिलाई. दिवाळीला पगार साठला की दुसरा जोडा घे आणि एकाआड एक दिवस घाल, घाम सुकायला वेळ मिळाला की दोन्ही जास्त टिकतात.

दुकानात दोन जोड्यांत अडकलास तर फोटो इथे टाक. तळाचे टाक आणि डब्यावरच्या लेबलचे, वरचे नकोत.