लग्नाला तीन महिने असताना नाकावरचा उंचवटा काढून घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा : नाकाच्या दांडीवर उंचवटा आहे, फेब्रुवारीत लग्न आहे, दिवाळी झाल्या झाल्या ऑपरेशन केलं तर फोटोत नाक सरळ दिसेल का?

बाजूने दिसेलही. तरी माझं ऐकाल तर आत्ता करू नका.

मी वेंगुर्ल्याची. माझा उंचवटा थेट आजीकडून आलेला, चष्मा कधी धड बसला नाही. तिसाव्या वर्षी मुंबईला जाऊन ऱ्हायनोप्लास्टी, म्हणजे नाकाचा आकार बदलायचं ऑपरेशन, करून घेतली. आजी म्हणाली, "पैशे देवन नाक कापून घेतत काय गो कोण?"

लोकांना वाटतं, कानस मारली की झालं. अगदी बारीक उंचवटा असेल तर जवळजवळ तसंच असतं. पण मोठ्या उंचवट्यात वर हाड आणि खाली कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, असते, दोन्ही उतरवावी लागतात. मग काय होतं ते आपल्या कौलारू घरावरून समजेल. आढं काढलं की दोन पाखांच्या मध्ये फट राहणारच. ती मिटवायला नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं मुळाशी मुद्दाम तोडून आत सरकवतात. डोळ्यांखाली काळंनिळं येतं ते मुख्यतः त्यामुळे. आणि कूर्चा जास्त काढली गेली तर मधला भाग आत बसतो, श्वासाला त्रास होतो. म्हणून सर्जनला "सरळ होईल ना?" याच्याआधी "श्वासाचं काय?" हे विचारा.

दुखलं फारसं नाही. पूर्ण भूल देतात, नंतर गोळ्या असतात. वैताग आला तो नाक चोंदल्याचा, रात्रभर तोंडाने श्वास घ्यायचा. आठवड्याने स्प्लिंट, म्हणजे नाकावरची कडक पट्टी, काढली तर आरशात बटाटा! रडले. काळंनिळं दोन आठवड्यांत गेलं. तोवर खाली वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. सवयीने विळीवर नारळ खवायला बसले, तर दोन मिनिटांत नाकात ठणका सुरू. सहा आठवडे चष्मा नाकावर टेकवायचा नव्हता. मी तो चिकटपट्टीने कपाळाला लटकवून बँकेच्या काउंटरवर बसायचे. पैसे काढायला आलेले आजोबा आधी कपाळाकडे बघायचे, मग पासबुक पुढे करायचे.

एका क्लिनिकमध्ये मला "ऑपरेशन कशाला, अर्ध्या तासात फिलर भरू" असं सांगितलं होतं. तुम्हालाही कोणीतरी सांगेल. फिलर म्हणजे सुईने कातडीखाली भरायचं जेल. त्यात उंचवटा जात नाही, त्याच्या वर-खाली भरून तो झाकतात. नाक उलट थोडं मोठंच होतं आणि काही महिन्यांनी फिलर विरघळतं. क्वचितच, पण ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, दृष्टीही जाऊ शकते. हे त्या क्लिनिकमध्ये मला कोणी सांगितलं नाही, मीच विचारलं तेव्हा विषय बदलला.

आता तुमचा फेब्रुवारी. तीन महिन्यांत दांडीची सूज बरीच उतरते, शेंड्याची नाही. तिला वर्षभर लागतं. काही राहिलं-चुकलं तर पुन्हा हात लावायलाही साधारण वर्षभर थांबवतात. माझा शेंडा तीन महिन्यांनी बधिरच होता. तेव्हा नथ घातली असती तर चाप घट्ट बसलाय की निसटतोय, हे मला आरशात बघूनच कळलं असतं.

लग्न होऊ दे. मग सवडीने जा, आणि उन्हाळा सोडून जा. ऑपरेशननंतर नाकाला उन्हापासून जपावं लागतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात टोपी घालून, नाक सावलीत धरून फिरणं काही जमत नाही.