मधल्या वारांचं काय करायचं?

पहिल्या भेटीत काकूंनी पिशवीतून एक शंभरपानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. रोजचं वजन, सकाळ-संध्याकाळचं बीपी, आणि दिवसभरात पोटात गेलेलं पाणी. त्यात चहा आला, ताक आलं, आमटी आली, गोळीबरोबरचे दोन घोटही आले. सात महिन्यांत एक दिवस चुकलेला नव्हता. काका शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते.

"ताई, मला एवढंच सांगा," काकू म्हणाल्या, "डायलिसिसवरच्या माणसाला घेऊन हौसेनं हिंडायला जावं का? मुलगा फोनवर सांगतो, जा. हे पण म्हणतात, जाऊ या. उद्या काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. कुणाचं डायलिसिस असतं, कुणाची केमो, कुणाची अर्धांगवायूनंतरची फिजिओथेरपी. म्हणून या दोघांना विचारून, ओळखीच्या खुणा बदलून, ही हकिकत लिहिते आहे.

दोघं पुण्यातल्या कोथरूडचे. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्तीनंतर रविवार ठरलेला होता: बालगंधर्वला नाटक, मध्यंतरात बटाटेवडा, परतताना डेक्कनपर्यंत रमतगमत चालणं. मग जुन्या मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. जाणं-येणं आणि नंतरचा थकवा धरला की तो सगळा दिवस त्यातच जातो.

काकांना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोमवारी मशीन, बुधवारी मशीन, शुक्रवारी मशीन. मधल्या वारांना आता नावच उरलेलं नाही."

काकूंनी वहीवरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सात महिने त्या भजनी मंडळात गेल्या नव्हत्या, हे मला पुढच्या भेटीत एकट्या आल्या तेव्हा कळलं.

त्यांच्या भीतीमागे एक घडलेला प्रसंग होता. तीन महिन्यांपूर्वी दोघं पुन्हा एकदा नाटकाला गेले होते. दुसऱ्या अंकात काकांना धाप लागली. रिक्षानं घरी आणलं, रात्र आरामखुर्चीत बसून काढली, आणि सकाळी डायलिसिसला गेल्यावर जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून काकूंनी बाहेर जाणं बंद केलं.

"कुठला वार होता?" मी विचारलं.

"रविवार. नाटकाला आम्ही रविवारीच जातो ना."

मी डॉक्टर नाही. पण अशा घरांबरोबर काम करताना मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी नेहमी बोलणं होतं, त्यामुळे उत्तर ऐकताच लक्षात आलं. शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात मोठं अंतर शनिवार-रविवारचं. लघवी कमी होत असल्यानं प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. रविवारी संध्याकाळी शरीर सगळ्यात जड असतं. त्यात वडा. मीठ गेलं की तहान लागते, तहान लागली की पाणी जातं, आणि निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता न येणारं बटाट्यातलं पोटॅशियम वेगळंच. नाटकाचा त्यात काही दोष नव्हता. वार चुकला होता आणि ताटलीत चुकीचं काही आलं होतं.

पुढच्या तपासणीला दोघांनी डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना हेच विचारलं. मंगळवार, गुरुवार किंवा शनिवारची सकाळ, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या दिवशी, शरीर हलकं आणि थकवा उतरलेला असतो तेव्हा बाहेर पडा, असं काकांच्या बाबतीत ठरलं. दिवसाच्या पाण्यातूनच दोनशे मिलीलिटरची छोटी बाटली भरून न्यायची. तोंड कोरडं पडलं तर वेलदोडा. दमणुकीवर उपाय म्हणून शहाळं घ्यायचं नाही, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. हे मुद्दाम लिहिते, कारण दमलेल्या माणसाच्या हातात आपण पहिल्यांदा शहाळंच ठेवतो. अर्थात हे सगळं त्यांच्या रिपोर्टवरून ठरलेलं आहे. प्रत्येकाचं पाण्याचं आणि पोटॅशियमचं प्रमाण वेगळं असतं, तुमचं तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

माझं खरं काम 'काही झालं तर' या तीन शब्दांवर होतं. मी काकूंना म्हटलं, त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा, काही म्हणजे नक्की काय? त्यांनी चार गोष्टी लिहिल्या. धाप लागली तर. बीपी उतरून चक्कर आली तर. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेनं रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताला धक्का लागून रक्त आलं तर. आणि चौथी, जरा थांबून: नणंदेनं पाहिलं तर.

पहिल्या तिन्हींची उत्तरं डायलिसिस युनिटमधल्या सिस्टरांनी एका बैठकीत दिली. धाप लागली तर सरळ बसवायचं, आडवं करायचं नाही, आणि १०८ ला फोन. चक्कर आली तर आडवं झोपवून पाय उंच करायचे. रक्त आलं तर त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरायचं, हात वर ठेवायचा, थांबलं नाही तर लगेच १०८. पाकिटात एक चिठ्ठी: आजार, औषधं, डॉक्टरांचा नंबर, आणि 'डाव्या हातावर सुई किंवा बीपीचा पट्टा नको'. काकू शिक्षिका असल्यामुळे त्यांनी ती मोठ्या अक्षरात लिहिली आणि काकांकडून दोनदा म्हणून घेतली.

चौथ्याला वेळ लागला. "बरे दिसताहेत की दादा, हिंडताय म्हणजे," असं नणंद एकदा बोलली होती आणि ते काकूंच्या मनात रुतून बसलं होतं. आजारी नवऱ्याच्या बायकोनं हसायचं नाही, हा आपल्याकडचा न बोललेला नियम मला फार क्रूर वाटतो. काकूंना मी समजावत बसले नाही. मी काकांना विचारलं, तुम्ही बहिणीला काय सांगाल? त्यांनी तिथूनच फोन लावला. "मंगळवारी आम्ही दोघं बाहेर जाणार आहोत. हिला मीच घेऊन जातोय," एवढंच बोलून ठेवला.

हे वाचून कुणाला वाटेल की मी काकांच्या बाजूची. पण पुढच्याच भेटीत काका म्हणाले, पुतण्याचं लग्न शुक्रवारी आहे, एक डायलिसिस चुकवलं तर काय बिघडतं? पुढे शनिवार-रविवार, म्हणजे बुधवारपासून थेट सोमवार. मी स्पष्ट सांगितलं, यात सौदा नाही. विचारायचंच असेल तर आठवडाभर आधी युनिटला विचारा, पाळी बदलून मिळते का. मिळाली. गुरुवारी डायलिसिस करून काका शुक्रवारी अक्षता टाकायला उभे राहिले. काकूंना माझ्यावर विश्वास बसला तो त्या दिवशी, असं मला वाटतं. मी फक्त 'जा, जा' म्हणणारी नाही हे त्यांना दिसलं.

पहिली सहल मी मुद्दाम लहान सुचवली: मेट्रोत बसायचं, वनाझहून रामवाडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, गाडीत बसायला जागा आणि गारवा, आणि वाटेल तेव्हा उतरून परत फिरता येतं. काकूंनी वहीत नोंद केली: 'मुठेच्या कडेनं गाडी जाते. बालगंधर्वचा पूल वरून दिसला. ह्यांनी मला बोट करून दाखवला. पाणी ८० मिली.'

तिसऱ्या फेरीत ते कल्याणीनगरला उतरले आणि रिक्षानं आगाखान पॅलेसला गेले. वर्गात काकूंनी कितीतरी वर्षं शिकवलं होतं की ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथे स्थानबद्ध केलं, आठवड्याभरात त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही इथेच गेल्या. स्वतः तिथे आल्या होत्या त्या शाळेच्या सहलीत, मुलं मोजत. या वेळी मोजायला कुणी नव्हतं. दोन्ही समाध्यांजवळच्या सावलीत दोघं पाऊण तास बसले. काकू सांगत होत्या, काका ऐकत होते. निघताना काका म्हणाले, "चाळीस वर्षांत तुझा तास आज पहिल्यांदा ऐकला."

शेवटच्या भेटीला दोघं आले तेव्हा वही होती, पण पिशवीतच राहिली. नाटकं आता शनिवारची बघतात, रविवार घरी. मध्यंतरातला वडा गेला, त्याचं काकांना वाईट वाटतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

त्यांना सोडायला मी दारापर्यंत गेले. पायऱ्या उतरताना काकू सवयीनं काकांच्या डाव्या बाजूला आल्या. फिस्टुलाचा हात तोच. काका थांबले. काकू त्यांच्यामागून वळसा घालून उजवीकडे आल्या आणि त्यांनी दंडाला धरलं.

"अजून चुकतंच हो," त्या मला म्हणाल्या, आणि दोघं रिक्षाच्या दिशेनं चालू लागले.