सत्तरीच्या उंबरठ्यावर व्यायाम सुरू करून खरंच फरक पडतो का? की रोजचं थोडं चालणं पुरे?

तुम्ही लिहिलंय की वडील ६९ वर्षांचे आहेत, निवृत्तीनंतर हिंडणं-फिरणं कमी झालंय, गुडघे दुखतात, आणि विषय काढला की "आता वय झालं, आराम करू द्या" हे पालुपद ठरलेलं. तुमच्या शंका तीन: या वयात सुरुवात करून उपयोग होतो का, नुसतं चालणं पुरतं का, आणि दुखऱ्या गुडघ्यांना व्यायामाने आणखी त्रास तर होणार नाही ना.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे बरेच जण तुमच्या वडिलांच्या वयाचे किंवा त्याहून मोठे असतात. आधी थोडक्यात सांगते. उपयोग होतो, आणि वाटतो त्यापेक्षा लवकर होतो. चालणं चांगलंच, पण एकट्या चालण्याने भागत नाही. गुडघे दुखतात हे व्यायाम टाळण्याचं नव्हे, सुरू करण्याचं कारण आहे. आता सविस्तर.

माझ्यासमोर कुणी येऊन बसलं की मी फाइल नंतर उघडते. आधी बघते माणूस खुर्चीतून उठतो कसा. काही जण सरळ उठतात. काही जण आधी कडेला सरकतात, दोन्ही हात मांड्यांवर रोवतात, एक झोका घेतात, अर्धवट उठून परत टेकतात, मग दुसऱ्या झोक्याला उभे राहतात आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधी क्षणभर थांबतात. या पाच-सात सेकंदांत पायांची ताकद, तोल, भीती, गुडघ्याचं दुखणं सगळं दिसतं. याचीच मोजून घ्यायची एक चाचणी आहे. हात छातीवर आडवे ठेवायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात आणि पडण्याचा धोका जास्त समजतात. घरी करून बघा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असू द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहा.

ही ताकद जाते कुठे? साधारण तिशीनंतर स्नायूंचं वस्तुमान दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के घटत जातं आणि साठीनंतर घट आणखी वेग घेते. याला सार्कोपेनिया म्हणतात. १९८९ मध्ये हे नाव सुचवलं गेलं, आणि २०१६ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. म्हणजे "वय झालं की असं व्हायचंच" या सदरातून ही गोष्ट इतक्या उशिरा बाहेर पडली. वस्तुमानापेक्षा ताकद जास्त वेगाने कमी होते, आणि त्यातही झटकन आकुंचन पावणारे स्नायूतंतू आधी झिजतात. पाय अडखळला की दुसरा पाय पटकन पुढे टाकून सावरायचं काम याच तंतूंचं. म्हणून तरुणपणी ठेच लागते तिथे म्हातारपणी माणूस पडतो.

पण यातला किती भाग वयाचा आणि किती भाग नुसतं बसून राहण्याचा? यावर मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा प्रयोग जुना आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे २० वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे ढोबळमानाने दम, सुमारे २७ टक्क्यांनी घसरला. ३० वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. आता ते पन्नाशीत होते, वजन वाढलेलं, अंगावरच्या चरबीचं प्रमाण दुप्पट झालेलं. तरीही ३० वर्षांच्या वयवाढीने झालेली दमाची घट त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झालेल्या घटीपेक्षा कमीच भरली. पुढे त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला, तर दम विशीतल्या मूळ पातळीवर परत आला. पाचच माणसं, तीही सगळे पुरुष, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मान्य. तरी वयाच्या नावावर खपवलेलं बरंच काही बैठकीच्या खात्यात जातं, एवढं यातून नक्की दिसतं.

म्हाताऱ्या शरीराला हा हिशोब आणखी महागात पडतो. निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलेल्या एका प्रयोगात पायांचं जवळपास एक किलो स्नायूंचं वजन गेलं होतं. म्हणून तापातून उठलेल्या, ऑपरेशन होऊन घरी आलेल्या ज्येष्ठांना "महिनाभर हलू नका" असा घरगुती सल्ला कुणी दिला की मला धडकी भरते. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती वेगळी, आणि सवयीने वाढवत नेलेली वेगळी.

आता तुमचा मूळ प्रश्न, उशीर झालाय का. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातले दहा जण घेतले होते. वय ८६ ते ९६. तब्येतीने नाजूक, अनेक आजार असलेले. त्यांना आठवड्यातून तीनदा मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी वजनं उचलायला लावली, आणि तीही नावापुरती हलकी नव्हेत, त्यांच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आसपास. आठ आठवडे टिकून राहिलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची तर चालताना लागणारी काठी सुटली. इतकी वाढ इतक्या लवकर कशी? पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा जाड होत नाही. मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतात. सुप्त पडलेली ताकद आधी जागी होते, नवे मांस नंतर चढते. तुमचे वडील या लोकांपेक्षा किमान १७ वर्षांनी लहान आहेत, हे त्यांना जरूर सांगा.

चालण्याबद्दल. दिवसाला १०,००० पावलं हा आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो आकडा होता, आणि तो जगभर चिकटला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या १६,००० हून अधिक स्त्रियांवरचा अभ्यास आला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० पावलांच्या आसपास फायदा सपाट झाला. मुळात धडधाकट असलेली बाई जास्त चालते, हेही त्यात मिसळलेलं असणारच. म्हणून ४१ हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. दिशा मात्र खरी आहे. शून्यावरून थोड्यावर येण्यात सगळ्यात मोठा लाभ आहे. वडिलांना १०,००० चं ओझं देऊ नका, आज जेवढं चालतात त्यात पाच-दहा मिनिटं वाढवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग बरोबर.

पण चालण्याने दम वाढतो, मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही, आणि सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाचीही फार परीक्षा होत नाही. नेमाने तासभर चालणारी पण कमोडवरून उठताना आधार लागणारी माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत म्हणूनच आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचालीखेरीज किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि ६५ च्या पुढे किमान तीन दिवस तोल आणि ताकद मिळून केलेले व्यायाम सांगितलेत. पहिला भाग सगळ्यांना तोंडपाठ असतो, पुढचे दोन कुणी वाचत नाही.

आणि नेमका पडण्याचा प्रश्न तिथेच सुटतो. घरात राहणाऱ्या ज्येष्ठांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटलेलं दिसलं, आणि त्यात तोलाच्या व्यायामांचा वाटा मोठा होता. खुब्याचं हाड मोडलं की म्हातारपणाची घडीच विस्कटते, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. हाडाचंही तेच, त्यावर भार पडला तर ते टिकतं. अंतराळात वजनच नसतं, तिथे तरुण, तंदुरुस्त अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्क्याहून जास्त उतरते.

गुडघ्यांकडे येते. "झीज झालीय, म्हणजे वापरलं की आणखी झिजणार" हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो, पण सांधा टायरसारखा नसतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला सांध्यावर दाब पडणं आणि सुटणं लागतं, म्हणजे हालचाल लागते. शिवाय मांडीचे स्नायू मजबूत असतील तर पाऊल टेकतानाचा हादरा बराचसा तेच झेलतात. म्हणून गुडघ्याच्या संधिवातावरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायाम हा पहिल्या उपचारांपैकी एक असतो, सगळं करून झाल्यावरचा नव्हे. मी रुग्णांना एक साधा नियम देते: करताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ते नेहमीच्या पातळीला यायला हवं. नाही आलं किंवा सूज आली तर बंद करू नका, निम्म्यावर आणा. मात्र गुडघा लाल आणि गरम होणं, मध्येच अडकून बसणं किंवा अचानक दगा देणं असं काही असेल तर आधी दाखवा.

साखर, रक्तदाब, हृदय यांबद्दल तुम्ही वाचलेलं असेलच, म्हणून एकच गोष्ट सांगते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनशिवायही आत ओढून घेऊ शकतो. त्यामुळे जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीनेही साखरेची उसळी कमी होते. मेंदूबद्दल मात्र मी हात राखून बोलते. झोप आणि मन यांवरचा परिणाम महिना-दोन महिन्यांत घरच्यांनाही जाणवतो. निष्क्रियता हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो, हेही खरं. पण "व्यायाम करा, विसरभोळेपणा येणार नाही" अशी हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

सुरुवात कुठून? खुर्चीतूनच. हात न लावता उठा-बस, आठ-दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा. सोपं झालं की उशी काढा, मग बसताना चार अंक मोजत सावकाश खाली या. बसताना धपकन सोडून देणं ही सगळ्यांची खोड असते, आणि खरा व्यायाम तर तिथेच आहे. त्यानंतर स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. मग ओट्याला बोटं टेकवून एका पायावर दहा सेकंद, पुढे एकच बोट, पुढे हात नुसते जवळ. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सगळंच सहज होत असेल तर ताकद वाढणार नाही. इथे बरेच जण वर्षानुवर्षं तेच ते हलके व्यायाम करत राहतात आणि फरक पडत नाही म्हणून सोडून देतात. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. जेवणात प्रथिने पुरेशी नसतील तर मेहनत अर्धी वाया जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

वडिलांना पटवायचं कसं, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण प्रश्नाच्या ओळींमधून दिसतंय. "व्यायाम करा" म्हणू नका. त्यांना काय करायचंय आणि काय जमेनासं झालंय ते विचारा, आणि त्याच्यासाठी पाय तयार करायचेत एवढंच सांगा. दुसरं जरा टोचेल, रागावू नका. घरातले लोक प्रेमापोटी ज्येष्ठांच्या हातातली कामं एकेक करून काढून घेतात. "तुम्ही बसा, मी आणतो", "जिना कशाला चढता", "पिशवी इकडे द्या". दिवसभरात अशी वीस कामं कमी झाली की संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या चालण्याने ती भरून निघत नाहीत. त्यांना झेपतं ते त्यांनाच करू द्या, वेळ लागला तरी.

सुरू करण्याआधी डॉक्टरांशी कधी बोलायचं? चालताना छातीत दुखत किंवा दडपत असेल, पूर्वीपेक्षा थोड्या श्रमाने धाप लागत असेल, चक्कर येत असेल, अलीकडे हाड मोडलं असेल, किंवा अलीकडे हृदयाचा काही त्रास झाला असेल तर आधी. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर जास्तच उतरू शकते, त्यामुळे वेळ आणि मात्रा विचारून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे पटकन उठल्यावर अंधारी येत असेल तर तेही सांगा. मणक्याची हाडं ठिसूळ झाली असतील तर पुढे खोल वाकायचे आणि पिळे द्यायचे व्यायाम टाळायचे असतात. यातलं काही असलं तरी बहुतेक वेळा डॉक्टर व्यायामाला नाही म्हणत नाहीत, फक्त सुरुवात कुठून आणि किती करायची ते बदलतात.