नोकरी-घर सांभाळून ऑनलाइन शिक्षण पुन्हा सुरू केलंय, पण उत्साह टिकत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बऱ्याच वर्षांनी परत पदवीला ऑनलाइन अ‍ॅडमिशन घेतली, पहिला महिना झकास गेला, आणि आता दोन आठवडे लॉगिनच केलेलं नाही, व्हिडिओ साचलेत, मोटिव्हेशन कुठून आणू. मी पण नोकरी करता करताच अर्धवट राहिलेली पदवी ऑनलाइन पूर्ण केली, म्हणून जरा हक्काने बोलते. मोटिव्हेशन शोधत बसूच नका. पहिल्या महिन्यात ते सगळ्यांकडे असतं, नंतर जवळपास कोणाकडेच नसतं, आणि तरीही काही लोक पास होतात, म्हणजे त्यांचं काम दुसऱ्याच कशावर तरी चालत असणार ना.

माझ्या मते खरी भानगड ही की ऑनलाइन शिकताना तुम्ही गायब झालात तर कोणाला पत्ताच लागत नाही. वर्गात दोन दिवस दांडी मारली की बाजूचा विचारायचा कुठे होतास, हजेरीला नाव घेतलं जायचं, आणि काही नाही तर निदान लाज म्हणून तरी तिसऱ्या दिवशी जावं लागायचं. इथे दोन आठवडे दांडी मारा, स्क्रीनवरचा तो प्रोग्रेस बार आहे तिथेच गुपचूप उभा. फार तर एखादा ऑटोमॅटिक मेल येतो, तो आपण न उघडता डिलीट करतो.

हे फक्त तुमच्या-माझ्या आळसाचं प्रकरण नाहीये. हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर जे कोर्स टाकले होते त्यांचा सहा वर्षांचा डेटा जस्टिन राइश नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2019 मध्ये सायन्स या नियतकालिकात मांडला. 2017-18 ला नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे होते 3.13 टक्के. शंभरातले तीन! निम्म्याहून जास्त लोकांनी नाव नोंदवून कोर्स उघडलाच नाही. पैसे भरून सर्टिफिकेटवाला पर्याय घेतलेल्यांमध्ये मात्र 46 टक्के लोकांनी पूर्ण केला. आता यावरून लगेच "फी भरली की अभ्यास होतो" असं समजू नका, फी भरणारा माणूस मुळातच जास्त गंभीर असतो, आणि पैसे भरूनही निम्म्यापेक्षा जास्त लोक गळालेच की. तुम्ही फी भरली आहे, एक महिना अभ्यासही केला आहे, म्हणजे बऱ्याच जणांच्या पुढे आहात.

तर पहिलं काम, तुमची गैरहजेरी ज्याला कळेल असा एक माणूस शोधा. एकच पुरे. त्याच कोर्सचा असला तर उत्तम. बॅचचा जो मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो तो या कामाचा नाही, तिथे शेकडो लोक असतात आणि सगळे एकमेकांना जुने पेपर मागत असतात, तुम्ही महिनाभर बोलला नाहीत तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. त्या ग्रुपमधून एखादी प्रश्न विचारणारी व्यक्ती हेरा आणि तिला वेगळा मेसेज करा की आठवड्यातून एकदा अर्धा तास फोन करूया का. मी असंच केलं होतं. आमचा नियम एवढाच की "कसा चाललाय अभ्यास" असं विचारायचं नाही, कारण त्यावर "चाललाय" म्हणता येतं. त्याऐवजी दोघींनी एकेक मुद्दा नोट्स बंद करून दुसरीला समजावून सांगायचा. अहो, कित्येक आठवडे मी पुस्तक उघडलं ते निव्वळ रविवारचा फोन येणार म्हणून, विषयाच्या प्रेमापोटी वगैरे अजिबात नाही. कोर्समधलं कोणी मिळालंच नाही तर घरातलं शाळेत जाणारं पोर कामाला लावा. "तुझा अभ्यास झाला का" हे आईबापाला विचारायची संधी मिळाली की मुलं ती सोडत नाहीत, आणि अजिबात दयामाया दाखवत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर "वेळ मिळाला की करीन" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं यावर बरंच काम आहे, सार असं की नुसता "मी अभ्यास करणार" हा निश्चय लंगडा असतो, "अमुक झालं की लगेच तमुक करणार" असं आधी ठरवलं की ते होण्याची शक्यता वाढते. म्हणजे घड्याळाच्या वेळेपेक्षा रोज न चुकता घडणारी एखादी गोष्ट पकडा. ऑफिसातून आले, चपला काढल्या, सोफ्यावर न बसता थेट टेबलाशी. सोफ्यावर बसलं की संपलं, हे सांगायला संशोधन नको. अर्धा तास केला तरी चालेल, पण टेबल तेच आणि फोन दुसऱ्या खोलीत. पहाटे उठून अभ्यास करा असं सगळे सांगतात, मला ते कधी जमलं नाही आणि जमायलाच हवं असंही काही नाही.

आणि हे अंगवळणी पडायला वेळ लागतो हं. ते 21 दिवसांत सवय लागते वगैरे ऐकलं असेल ते सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा 2010 चा अभ्यास आहे, त्यात मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, कोणाला 18 पुरले तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला, आणि त्या सवयी होत्या पाणी पिणं, फळ खाणं असल्या साध्या. अभ्यास त्याहून अवघड. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली की मधे एखादा दिवस चुकला तर सवयीवर फारसा परिणाम होत नाही. ही गोष्ट लोकांना माहीतच नसते आणि एक दिवस बुडाला की आता काय, सगळं बोंबललं, म्हणून पुढचा आठवडा पण सोडून देतात.

आता तुमच्या साचलेल्या व्हिडिओंकडे येते, कारण बहुतेक लोक इथेच कायमचे गळतात. जिथे सोडलं तिथून सुरू करायचं, हा मोह टाळा. तसं केलं तर तुम्ही कायम दोन आठवडे मागेच राहता, रोज लॉगिन केलं की तोच डोंगर दिसतो, मग लॉगिनच नको वाटतं. त्याऐवजी सरळ चालू आठवड्याचा धडा उघडा. काही कळणार नाही, चालेल, जिथे अडेल तेवढ्यापुरतंच मागचं बघा. अगदी गणित-अकाउंट्ससारखा एकावर एक रचलेला विषय असेल तर मागचं जास्त बघावं लागेल, पण तिथेही आधी उदाहरणं सोडवायला घ्या आणि अडल्यावर व्हिडिओकडे जा.

व्हिडिओवरून आठवलं, व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. दीडपट स्पीडने तीन लेक्चर संपवली की भारी वाटतं, आणि चार दिवसांनी आठवायला गेलं तर पाटी कोरी. मग माणूस म्हणतो माझा मेंदूच गंजलाय, वय झालं, आणि उत्साह खरा तिथे मरतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचायला बसून मग न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. मजा म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. म्हणून व्हिडिओ दहा मिनिटांनी थांबवा, कोऱ्या कागदावर आठवेल ते खरडा. सुरुवातीला दोनच ओळी येतात, वैताग येतो, पण पुढच्या आठवड्यात त्याच धड्याच्या आठ ओळी आल्या की जे वाटतं ना, ते कुठल्याही मोटिव्हेशनल भाषणाने वाटत नाही.

वयाचं फार मनावर घेऊ नका. वाढत्या वयाबरोबर नवीन माहिती पचवायचा वेग थोडा कमी होतो हे खरं आहे, पण शब्दसंग्रह आणि साठलेलं ज्ञान बराच काळ वाढतच राहतं. विशीत पाठ केलेली व्याख्या तुम्ही आता नोकरीत रोज जगता, त्यामुळे उदाहरणं तुम्हाला आपोआप सुचतात. पाठांतर मात्र जड जाणार, तिथे चिडचिड करून उपयोग नाही, जास्त वेळा घोका.

अजून एक, जे कोणी मोकळेपणाने सांगत नाही. एका सत्रात सगळे विषय घेतलेच पाहिजेत असा नियम नसेल तर कमी करा. घरात आजारपण आहे, ऑफिसात काम वाढलंय आणि तरी पाच विषय ओढायचे, याला जिद्द म्हणत नाहीत. दोन विषय कमी घेतले आणि वर्षभर उशिरा पदवी मिळाली तर कोणाचं काही बिघडत नाही. फक्त विषय सोडायची शेवटची तारीख आजच बघून ठेवा, ती गेली की फी पण जाऊ शकते आणि गुणपत्रिकेवर नापास पण दिसू शकतं.

आणि असाइनमेंटची तारीख उलटली असेल किंवा उलटत आली असेल तर शिक्षकांना मेल टाका. मोठी कहाणी नको, "नोकरी करून शिकतेय, दोन आठवडे मागे पडले आहे, अमुक तारखेपर्यंत देऊ शकते, चालेल का" एवढंच. तारीख उलटायच्या आधी मुदत मागितली तर बरेचदा मिळते, नंतर मागितली तर त्यांचेही हात बांधलेले असतात. आज लॉगिन करून दुसरं काही जमलं नाही तरी हा मेल तेवढा पाठवा.