बैठक आवरायची की माणसं सांभाळायची?

"सगळ्यांना बोलू द्यावं तर रात्रीचे दहा वाजतात, आवरतं घ्यावं तर माणसं दुखावतात. मला आता रविवारची धास्ती वाटते."

समोर बसलेल्या ताई पन्नाशीच्या. दोन वर्षं प्रभागातल्या पाणीप्रश्नावर नागरिकांचा गट चालवत होत्या. झोप उडाली होती, बैठकीतलं एकेक वाक्य रात्रभर डोक्यात फिरायचं. हीच काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच कार्यकर्ते येतात, म्हणून त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

बैठक रविवारी मंदिराच्या सभामंडपात व्हायची. इमारतींमधले निवृत्त लोक आणि नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका यायच्या. वेळ वाचावा म्हणून ताईंनी नियम केला होता: प्रत्येकाला तीन मिनिटं, मग स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजणार. एकदा वस्तीतल्या मावशी बोलायला उठल्या. सुनेची रात्रपाळी, नातवाचा ताप असं लांबून सुरू केलं आणि पेला वाजला. "बरं, बरं," म्हणत मावशी पदर सावरून खाली बसल्या. पुढच्या तीन बैठकांना वस्तीतलं कुणीच आलं नाही. निवेदन द्यायला गेल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं, वस्तीत पाणी किती वाजता येतं? एकालाही सांगता आलं नाही. मावशी त्या दिवशी तेच सांगायला उठल्या होत्या.

"पेला वाजवताना तुम्हाला काय होत होतं?" मी विचारलं.

ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घसा कोरडा पडला होता. मागच्या रांगेतले एक काका सारखे घड्याळ बघत होते."

म्हणजे पेला वाजला तो काकांच्या कपाळावरच्या आठीमुळे. 'हिला बैठक चालवता येत नाही' असं कुणी म्हणेल, या भीतीनं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण ज्याला शिस्त म्हणतो, त्यात पुष्कळदा आपली घालमेल लपलेली असते आणि तिची झळ सगळ्यात कमी बोलणाऱ्याला बसते.

पुढच्या बैठकीत कोण किती वेळा बोललं, एवढंच वहीत टिपून आणा, असं मी सुचवलं. काका आणि त्यांचे एक मित्र मिळून पंधरा वेळा बोलले होते, दर वेळी तीन मिनिटांच्या आत. नियम कुणीच मोडला नव्हता! वही पाहून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

मग मी त्यांना गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाची गोष्ट सांगितली. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, पण विषय समजून घ्यायला अभ्यासगट वेगळा बसतो. तिथे मोकळेपणी बोलायचं, ठरवायचं काही नाही. आपल्याकडे नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूदही कायद्यात आहे. म्हणजे बोलायची जागा आणि ठरवायची जागा वेगळी काढता येते. ताई दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच मंडपात करू बघत होत्या, तेही ऐन स्वयंपाकाच्या वेळेला.

त्यांनी पहिल्यांदा मावशींचं घर गाठलं आणि माफी मागितली. हे मी सुचवलेलं नव्हतं. आता दर बुधवारी दुपारी वस्तीत ओट्यावर तासभर बसणं होतं, घड्याळाविना. तिथलं म्हणणं वस्तीतलीच एक जण रविवारी सर्वांत आधी मांडते. एकदा बोललेल्याने बाकीच्यांचं झाल्यावरच पुन्हा बोलायचं, असंही ठरलंय. काकांना ते आवडलेलं नाही. एकदा ते उठूनही गेले आणि त्या रात्री ताईंना पुन्हा झोप लागली नाही. त्यावर आमचं काम चालू आहे.

मागच्या भेटीत त्यांनी वही उघडून दाखवली. मावशींच्या सांगण्यावरून लिहिलेलं होतं: पाणी रात्री अडीचला, धार करंगळीएवढी, चाळीस मिनिटं.