पाणबुडी सोलापूरची, शून्य समुद्राचं

प्रश्न : नमस्कार सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सोलापुरातच. आम्ही चौघांनी पीव्हीसी पाइपची छोटी रिमोटवाली पाणबुडी केलीय, हिप्परगा तलावात सोडतो. दोन लफडी आहेत. एक म्हणजे डेप्थ सेन्सर हवेत धरला तरी उणे अर्धा मीटर दाखवतो, नवीन आणला तरी तेच! दुसरं, झाकणाची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) तीनदा बदलली पण आत चमचाभर पाणी येतंच. सेन्सर डुप्लिकेट लागलेत का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सेन्सर एकदम ओके आहे रे, उगाच तिसरा घेऊ नकोस. हा सेन्सर खोली मोजतच नाही, तो मोजतो दाब, आणि तुमच्या कोडमध्ये शून्य खोलीचा दाब 1013 मिलिबार टाकलेला असणार, जो समुद्रकाठचा आहे. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, इथे हवेचा दाब 960 च्या आसपास असतो. 1 मिलिबार म्हणजे ढोबळमानाने 1 सेंटीमीटर पाणी, मग 50-55 मिलिबारचा फरक म्हणजे किती? तुझा अर्धा मीटर! दर वेळी काठावर आधी रीडिंग घ्या आणि तेच शून्य धरा, कारण हवेचा दाब दिवसभरातही थोडा हलतो. आणि हो, कोडमध्ये पाण्याची घनता बघ, काही लायब्ररीत (म्हणजे तयार कोडमध्ये) समुद्राची 1029 किलो प्रति घनमीटर धरलेली असते, तलावाला 1000 टाक, नाहीतर 10 मीटरला 30 सेंटीमीटर कमी दाखवेल.

आता गळती. माझा संशय ओ-रिंगवर नाही, वायरवर आहे. वायरीचं बाहेरचं कव्हर कुठंतरी खरचटलं की पाणी आतल्या तारांच्या फटीतून दिव्याच्या वातीसारखं सरकत सरकत थेट डब्यात येतं, झाकण कितीही आवळ. डब्यात प्रत्येक जोडाजवळ टिश्यू पेपरचा तुकडा चिकटव, पाच मिनिटं बुडव, कुठला ओला झाला बघ. वायरीजवळचाच निघाला तर प्रत्येक वायर मध्ये सेंटीमीटरभर सोल, तारा सोल्डरने गच्च भर, वर अ‍ॅरल्डाइट. चोवीस तास हात लावायचा नाही (हे कुणी पाळत नाही, मीही पाळलं नव्हतं, एक कॅमेरा गेला).

पुढे कधी कोकणात नेलीत तर वजन वाढवावं लागेल. खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड, 10 किलोची पाणबुडी तलावात नीट तरंगत असेल तर तिथे 250 ग्रॅम जास्त लावल्याशिवाय खाली जाणारच नाही.

प्रश्न : पोरगं समुद्राच्या मशीनच्या नादाला लागलंय. आपल्याकडे समुद्र कुठंय ओ? पॉवरलूमचं तरी बघ म्हणतोय, ऐकत नाही.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : काका, समुद्र तर हैदराबादलाही नाही, पण देशाची समुद्राची माहिती गोळा करणारी इन्कॉइस ही सरकारी संस्था तिथंच आहे, आणि हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. जगभरच्या समुद्रांत आर्गो या आंतरराष्ट्रीय मोहिमेचे जवळपास चार हजार फ्लोट (आपोआप खाली-वर होणारी यंत्रं) सोडलेत, दर दहा दिवसांनी 2000 मीटरवरून वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतात आणि वर आले की सॅटेलाइटला पाठवतात, कारण पाण्याखाली रेडिओ चालत नाही. त्यातले आपल्या देशाचे इन्कॉइसच बघतं. यंत्रं करायची असतील तर चेन्नईची एनआयओटी ही समुद्र तंत्रज्ञानाची सरकारी संस्था, तिथं तीन माणसांना 6000 मीटर खाली नेणारी ‘मत्स्य’ नावाची पाणबुडी बनतेय. गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेने तर माया नावाची, स्वतःच्या स्वतः पोहणारी पाणबुडी कधीच केलीय. पॉवरलूम बघितलेल्या पोराला मोटार, बेअरिंग कळतंच की, ते तिकडंही लागतं.